३८१ दिवसांची पायपीट

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तह आणि राज्याभिषेक उभे राहतात. वर्गात इतिहास शिकविताना माझाही कल पुष्कळदा तिकडेच जातो. सनावळी पाठ करून घेणे त्यामानाने सोपे असते. आज मात्र मी आपणांस एका बसची हकिगत सांगणार आहे. बसमधील एक बाक, दिवसभर शिवणकाम करून घरी निघालेली एक स्त्री, आणि तिच्यामागोमाग ३८१ दिवस पायी चालत राहिलेले लोक, एवढाच या हकिगतीचा संसार आहे. परंतु वंशभेद, दुःख, न्याय आणि समेट या मोठ्या शब्दांचा अर्थ माणसाच्या रोजच्या जगण्यात कसा लावावयाचा, हे समजून घेण्यास मला याहून चांगला धडा सापडलेला नाही.

माँटगोमेरी ही अमेरिकेच्या दक्षिण भागातील अलाबामा राज्याची राजधानी. गुलामगिरी टिकविण्यासाठी १८६१ साली जी दक्षिणी राज्ये फुटून निघाली, त्यांच्या संघाची पहिली राजधानीही हीच. यादवी युद्ध झाले आणि १८६५ साली घटनादुरुस्ती होऊन गुलामगिरी संपली. पण कालचा गुलाम आज आपल्या शेजारी बसणार, ही कल्पना तेथील गोऱ्या समाजाच्या पचनी पडली नाही. म्हणून शाळा वेगळ्या, पाणी पिण्याचे नळ वेगळे, उपाहारगृहे वेगळी, अशी एक कायद्याची भिंतच उभारण्यात आली. बसमध्ये ही भिंत रोज सकाळ-संध्याकाळ अंगाला घासत असे. बसमध्ये ३६ जागा असत. पुढच्या १० जागा गोऱ्यांसाठी राखीव. त्या रिकाम्या असल्या तरी कृष्णवर्णीय उतारूंनी उभेच राहावयाचे. मधल्या भागात त्यांना बसता येई. पण गोरा उतारू आला की उठावे लागे. आणि एका रांगेत गोरा बसला की त्या रांगेत एकाही काळ्या माणसाने बसावयाचे नाही, असा दंडक होता. पुष्कळदा पैसे पुढच्या दाराने चढून द्यावयाचे, मग खाली उतरून मागच्या दाराने पुन्हा चढावयाचे. तो मागच्या दारापाशी पोहोचण्यापूर्वीच चालकाने बस सोडून दिल्याचे प्रसंगही घडत.

यात मौज अशी की, बसने जाणाऱ्यांत सुमारे तीन-चतुर्थांश लोक कृष्णवर्णीयच होते. बसकंपनी चालत होती ती त्यांच्याच पैशावर.

१ डिसेंबर १९५५, गुरुवार. रोझा पार्क्स ही ४२ वर्षांची स्त्री एका मोठ्या दुकानातील शिवणकाम आटोपून बसमध्ये चढली आणि मधल्या भागात बसली. पुढची आसने भरली आणि एक गोरा मनुष्य उभा राहिला. त्या एकासाठी रांगेतील चौघांनी उठावे, असे चालकाने फर्माविले. तिघे उठले. पार्क्सबाई खिडकीकडे सरकून तशाच बसून राहिल्या. चालकाने पोलिसांना बोलाविले व त्यांना अटक झाली.

पार्क्सबाई दमल्या होत्या म्हणून उठल्या नाहीत, असे पुष्कळदा सांगितले जाते. ही गोष्ट गोड आहे, पण खरी नाही. त्या शरीराने दमलेल्या नव्हत्या, नमते घेण्याला त्या कंटाळल्या होत्या, असे त्यांनीच पुढे स्पष्ट केले आहे. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या माँटगोमेरी शाखेच्या त्या चिटणीस होत्या आणि अन्यायाच्या तक्रारी नोंदवून घेण्याचे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले होते. याच चालकाने १९४३ साली त्यांना पुढच्या दाराने खाली उतरावयास लावले होते. त्याच वर्षी, १९५५च्या ऑगस्टमध्ये, शेजारच्या मिसिसिपी राज्यात एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा अमानुष खून झाला होता आणि आरोपी निर्दोष सुटले होते. पार्क्सबाईंच्या त्या एका नकारामागे एवढे सारे साठलेले होते. न्यायासाठी झालेले कोणतेही कृत्य आकाशातून पडत नाही. त्याची मशागत कोणीतरी, कोठेतरी, गाजावाजा न करता करीत असते.

आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. ती सांगताना मनाला थोडे अवघड वाटते. पार्क्सबाईंच्या नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ रोजी, क्लॉडेट कॉल्विन नावाच्या १५ वर्षांच्या शाळकरी मुलीने अगदी हेच केले होते. तिलाही बेड्या घालून नेण्यात आले. पण पुढाऱ्यांनी तिचे प्रकरण लढ्यासाठी हाती घेतले नाही. ती लहान, ती गरीब वस्तीतली, आणि काही महिन्यांतच ती अविवाहित असताना गर्भवती राहिली. समाजापुढे ठेवावयास अशी मुलगी शोभणार नाही, असा विचार झाला. व्यवहाराच्या दृष्टीने तो चुकीचा होता असे म्हणवत नाही. तरी अन्यायाविरुद्ध उभे राहणाऱ्यांच्या मनांतही पुढचा बाक आणि मागचा बाक असतोच, हे यावरून ध्यानात येते. याच मुलीने पुढे १९५६ साली न्यायालयात निर्भयपणे साक्ष दिली आणि लढा जिंकला गेला तो तिच्यासह चार स्त्रियांनी केलेल्या दाव्यावर. अटकेच्या वेळचा तिच्यावरील ठपका कागदोपत्री पुसला गेला तो मात्र २०२१ साली.

असो. पार्क्सबाईंच्या अटकेची वार्ता त्याच रात्री जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेच्या कानी गेली. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या एका राजकीय मंडळाच्या त्या प्रमुख होत्या. १९४९ सालच्या नाताळच्या सुमारास त्या जवळजवळ रिकाम्या बसमध्ये चुकून पुढच्या बाजूस बसल्या, तेव्हा चालक अंगावर धावून आला होता आणि त्या रडत खाली उतरल्या होत्या. तो सल त्यांनी सहा वर्षे जपला होता. त्या रात्री त्या आपल्या महाविद्यालयात गेल्या आणि एक सहकारी व दोन विद्यार्थी यांच्या मदतीने पहाटेपर्यंत चक्रमुद्रण यंत्रावर हजारो पत्रके काढीत राहिल्या. येत्या सोमवारी कोणीही बसमध्ये चढू नये, एवढेच आवाहन त्यांत होते. एका शिक्षिकेने रात्रभर जागून केलेले हे काम वाचते, तेव्हा परीक्षेच्या प्रश्नपत्रिका काढणारे आपले हात मला फार तोकडे वाटू लागतात.

सोमवार, ५ डिसेंबरला बसगाड्या जवळजवळ रिकाम्या धावल्या. त्याच दिवशी पार्क्सबाईंना १० डॉलर दंड व ४ डॉलर खर्च, असे मिळून १४ डॉलर भरण्याची शिक्षा झाली. दुपारी एक संघटना स्थापन झाली आणि तिचे अध्यक्षपद शहरात नव्यानेच आलेल्या २६ वर्षांच्या एका बाप्टिस्ट धर्मोपदेशकाकडे सोपविण्यात आले. ते मार्टिन ल्यूथर किंग. रात्री एका चर्चमध्ये सभा झाली. हजारो लोक आत मावेनात म्हणून बाहेर रस्त्यावर उभे राहिले आणि बहिष्कार पुढे चालू ठेवण्याचे ठरले.

लोकांच्या मागण्या काय होत्या? ऐकून आपणांस आश्चर्य वाटेल. चालकांनी सभ्यपणे बोलावे; गोऱ्यांनी पुढून व काळ्यांनी मागून, पण जो आधी येईल त्याला जागा मिळावी; आणि काळ्या वस्त्यांतील मार्गांवर काळे चालक नेमावेत. वेगळे बसण्याची पद्धत मोडावी, एवढेही त्यांनी प्रथम मागितले नव्हते. नगरपालिका आणि बसकंपनी यांनी या माफक मागण्याही फेटाळल्या. थोडासा न्याय देण्याचे नाकारल्यामुळे पुढे संपूर्ण न्याय द्यावा लागला, असे इतिहासात अनेकदा घडले आहे.

यापुढचे वर्ष म्हणजे या हकिगतीचा खरा गाभा आहे. ४० हजारांच्या आसपास लोकांनी कामावर कसे जावयाचे? काळ्या टॅक्सीचालकांनी प्रथम बसच्याच दरात, म्हणजे १० सेंटमध्ये, उतारू नेले. तेव्हा नगरपालिकेने ४५ सेंटांचा किमान दर सक्तीने लागू केला. मग सुमारे ३०० खाजगी मोटारींची व्यवस्था उभी राहिली. ठराविक ठिकाणी, ठराविक वेळी माणसे घ्यावयाची आणि सोडावयाची. अशी युक्ती लुइझियानातील बॅटन रूज शहरात १९५३ साली एका अल्पकाळच्या बहिष्कारात करून पाहण्यात आली होती. चर्चच्या नावाने मोठ्या मोटारी विकत घेण्यात आल्या. लोक कौतुकाने त्यांना चाकांवरची चर्चे म्हणत. स्थानिक विमा रद्द झाला, तेव्हा थेट लंडनच्या लॉइड्सकडून विमा उतरविण्यात आला. आणि ज्यांना मोटार मिळत नसे, ते चालत. पावसात चालत, थंडीत चालत. पोलॉर्ड नावाच्या एका वृद्ध बाईंना किंग यांनी बसने जाण्याचा आग्रह केला, तेव्हा पाय दमले असले तरी आत्म्याला विसावा मिळाला आहे, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. ते उत्तर पुढे जगभर गेले.

पैसा कोठून आला? त्यातला काही जॉर्जिया गिलमोर नावाच्या स्वयंपाकिणीच्या चुलीतून आला. सहा मुलांची ही आई एका उपाहारगृहात काम करीत असे. बहिष्काराबद्दल किंग यांच्यावर खटला भरण्यात आला, तेव्हा बसमध्ये आपल्याला कसे वागविण्यात आले हे तिने १९५६च्या मार्चमध्ये न्यायालयात बेधडक सांगितले आणि त्यापायी तिची नोकरी गेली. तिने व तिच्या मैत्रिणींनी तळलेली कोंबडी, केक आणि गोड पदार्थ घरी करून विकावयाचे व आलेला पैसा चळवळीला द्यावयाचा, असा क्रम चालविला. त्यांच्या मंडळाचे नाव होते ‘कोठूनही नाही’. पैसा कोठून आला असे कोणी विचारले, तर ‘कोठूनही नाही’ असे खरे उत्तर देता यावे, ही त्यातील खुबी. तिचे पदार्थ गोरे लोकही विकत घेत. पुढे १९९० साली ती वारली, तेव्हा एका मोर्चाच्या स्मृतिदिनासाठी तिने शिजवून ठेवलेले अन्नच तिच्या अंत्यविधीला जमलेल्यांना वाढण्यात आले, असे सांगतात.

गोऱ्या गृहिणींची गंमत तर निराळीच. आपल्या मोलकरणींना आणावयास व पोहोचवावयास त्या स्वतःच्या मोटारी घेऊन जाऊ लागल्या. यामुळे बहिष्काराला बळ मिळते, असे महापौरांनी रागावून जाहीर केले. पण घरातली धुणीभांडी आणि मुले महापौर येऊन सांभाळणार नव्हते! भेदभावाची भिंत कितीही उंच असली, तरी स्वयंपाकघराचे दार तिला कधी बंद करता आले नव्हते. ज्या हातचे अन्न खावयाचे, ज्या हातांत आपले तान्हे मूल द्यावयाचे, त्या हाताची व्यक्ती बसमध्ये शेजारी नको. श्रोते हो, हे वाचून आपल्यापैकी कोणाला घरचे काही आठवले असेल, तर ते मनातच ठेवावे. शेवटी मीही माझ्या घरचे सांगणार आहे.

३० जानेवारी १९५६च्या रात्री किंग सभेत असताना त्यांच्या घरावर बाँब पडला. घरात त्यांची पत्नी आणि अवघ्या दोन-अडीच महिन्यांची मुलगी होती. दोघी सुदैवाने वाचल्या. बाहेर संतप्त जमाव जमला. काहींच्या हाती शस्त्रे होती. मोडलेल्या ओसरीत उभे राहून किंग यांनी शस्त्रे घरी नेण्यास सांगितले आणि शत्रूवर प्रीती करण्याच्या ख्रिस्ताच्या आज्ञेची आठवण दिली. त्या रात्री माँटगोमेरीत रक्त सांडले नाही.

येथे दुःखाविषयी दोन शब्द बोलणे मला भाग आहे. आम्हा ख्रिस्ती लोकांत दुःख सोसण्याची महती फार गाइली जाते आणि तिचा दुरुपयोगही तितकाच झाला आहे. हॉवर्ड थर्मन या कृष्णवर्णीय धर्मचिंतकाची आजी गुलामगिरीत जन्मलेली होती. नातू तिला बायबल वाचून दाखवी. पण संत पौलाची पत्रे ती क्वचितच वाचू देई. कारण विचारता तिने सांगितले की, मालकाने आणलेला उपदेशक ‘दासांनो, धन्याच्या आज्ञेत राहा’ याच वचनावर पुनःपुन्हा प्रवचन करी. दुसऱ्यावर लादलेल्या दुःखाला क्रूस म्हणणे हा क्रुसाचा अपमान आहे. माँटगोमेरीच्या लोकांनी जे दुःख पत्करले, ते अन्याय चालू राहावा म्हणून नव्हते, तो थांबावा म्हणून होते. शिवाय ते त्यांनी स्वतः निवडलेले होते. या दोहोंतला फरक धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही मुलांना पुरेसा स्पष्ट करून सांगत नाही, अशी माझी स्वतःविषयीच तक्रार आहे.

याच थर्मन यांना १९३५ साली कोलंबोत एका वकिलाने विचारले होते की, ज्यांनी तुमच्या पूर्वजांना गुलाम केले ते ख्रिस्ती, मग तुम्ही ख्रिस्ती कसे? हा प्रश्न बरोबर घेऊन ते हिंदुस्थानात फिरले आणि १९३६च्या फेब्रुवारीत बारडोली येथे गांधीजींना भेटले. अहिंसेचा निर्भेळ संदेश कदाचित अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या द्वाराच जगाला मिळेल, असे गांधीजी त्या भेटीत म्हणाले. वीस वर्षांनंतर माँटगोमेरीत तो बोल खरा होऊ लागला. बहिष्कार सुरू होऊन आठवडा झाला असेल नसेल, तोच १२ डिसेंबर १९५५ रोजी तेथील वृत्तपत्रात एक पत्र प्रसिद्ध झाले. या पायी चालणाऱ्या लोकांचे गांधीजींच्या मिठाच्या सत्याग्रहाशी नाते आहे, असे त्यात म्हटले होते. पत्र लिहिणारी ज्युलिएट मॉर्गन ही शहराच्या ग्रंथालयात काम करणारी गोरी स्त्री होती. त्या पत्राची तिला मोठी किंमत द्यावी लागली. लोकांनी तिला धमक्या दिल्या, तिला कामावरून काढण्याची मागणी केली, ओळखीच्यांनी तोंड फिरविले. १९५७च्या जुलैत तिच्या अंगणात क्रूस पेटविण्यात आला. दुसऱ्या दिवशी तिने नोकरी सोडली आणि लगेचच तिच्या आयुष्याचा करुण शेवट झाला. ज्या क्रुसापुढे आम्ही गुडघे टेकतो, तोच पेटवून एका निराधार स्त्रीला घाबरविण्यात यावे, यापरती धर्माची विटंबना कोणती? २००५ साली शहराच्या मुख्य ग्रंथालयाला तिचे नाव देण्यात आले.

आपल्या महाराष्ट्राचाही या कथेशी संबंध आहे, आणि तो जुना आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण करून. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली कृष्णवर्णीय विद्वान डु बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याकडे लक्ष वेधले होते. १९५९ साली स्वतः किंग सपत्नीक भारतात आले. मुंबईत ते गांधीजींच्या मणिभवनात राहिले. त्याच दौऱ्यात त्रिवेंद्रमजवळच्या एका शाळेत, जेथे पूर्वी अस्पृश्य मानलेल्यांची मुले शिकत होती, मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख ‘अमेरिकेतून आलेला आपल्यासारखाच एक अस्पृश्य’ अशी करून दिली. किंग यांना प्रथम धक्का बसला, थोडा रागही आला. मग त्यांनी विचार केला आणि आपण खरोखर तेच आहोत, असे त्यांना पटले. वंशभेद आणि जातिभेद ही सख्खी भावंडे आहेत, हे त्या मुख्याध्यापकांनी एका वाक्यात शिकविले.

आता चर्चची गोष्ट. चर्च म्हणजे ज्या संस्थेत मी वाढले, ती. माँटगोमेरीत रॉबर्ट ग्रेट्झ हे तरुण गोरे ल्यूथरन पाळक आपल्या कृष्णवर्णीय मंडळीला स्वतः मोटार चालवून कामावर पोहोचवीत. त्यांच्या घरावर दोनदा बाँब पडले. पण असे गोरे पाळक विरळाच. माझ्या कॅथलिक चर्चचे पुस्तकही कोरे नाही. दक्षिणेतील कित्येक कॅथलिक चर्चमध्ये कृष्णवर्णीय भाविकांना मागच्या बाकांवर बसावे लागे आणि ख्रिस्तप्रसाद गोऱ्यांचा घेऊन झाल्यावर घ्यावा लागे. न्यू ऑर्लिन्सचे आर्चबिशप रमेल यांनी १९५३ साली ही पद्धत बंद केली, १९५६ साली वंशभेद हे पाप आहे असे जाहीर केले आणि १९६२ साली कॅथलिक शाळांतील एकीकरणाला उघड विरोध करणाऱ्या तिघांना धर्मबहिष्कृत केले. उलट अलाबामातच, १९६३च्या एप्रिलमध्ये, बर्मिंगहॅम शहरातील निदर्शने अवेळी व अविचाराची आहेत असे पत्रक आठ गोऱ्या धर्मपुढाऱ्यांनी काढले, त्यांत जोसेफ ड्यूरिक हे कॅथलिक साहाय्यक बिशप होते. किंग यांनी तुरुंगातून लिहिलेले प्रसिद्ध पत्र याच आठ जणांना उद्देशून आहे. वैर करणाऱ्यांपेक्षा ‘जरा थांबा’ म्हणणारे सभ्य लोक न्यायाच्या वाटेत अधिक आडवे येतात, असे त्यांनी त्यात सुनावले.

ड्यूरिक यांची गोष्ट येथे संपत नाही, म्हणून मला ती मोलाची वाटते. पुढे टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे बिशप असताना ते नागरी हक्कांचे खंदे पुरस्कर्ते झाले. त्याबद्दल स्वतःच्याच धर्मबांधवांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. १९७५ साली पद सोडून त्यांनी कैद्यांची सेवा पत्करली. मनुष्य चुकतो, त्याला कोणी चूक दाखवितो, आणि तो बदलतो. समेट म्हणतात तो हाच. चूक दाखविणारा गप्प राहिला असता, तर दोघांत शांतता दिसली असती. समेट मात्र झाला नसता.

माँटगोमेरीचा निकाल मोठ्या नाट्यमय रीतीने लागला. १३ नोव्हेंबर १९५६ रोजी मोटारींची व्यवस्था बंद पाडण्यासाठी नगरपालिकेने मागितलेल्या मनाई हुकुमाची सुनावणी चालू होती. किंग न्यायालयात बसले होते. सारे संपले असे वाटत असतानाच बातमी आली की, बसमधील वंशभेद घटनाबाह्य ठरविणारा खालच्या न्यायालयाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने कायम केला आहे. मनाई हुकूम मात्र त्या दिवशी मिळालाच. म्हणून लेखी आदेश हाती येईपर्यंत, म्हणजे २० डिसेंबरपर्यंत, लोक मोटारींवाचून पायीच चालले.

या शेवटच्या दिवसांत त्यांनी जे केले, ते मला विजयाहूनही मोठे वाटते. चर्चमध्ये खुर्च्या बसमधल्यासारख्या रांगेत मांडून त्यांनी तालमी घेतल्या. कोणी चालक व्हावयाचे, कोणी उद्धट गोरा उतारू, कोणी नम्र काळा उतारू. सूचनांचे एक पत्रक वाटण्यात आले. हा विजय आपल्या एकट्याचा नाही, साऱ्या शहराचा आहे. बढाई मारू नका. शेजारी बसताना ‘बसू का?’ असे विचारा. कोणी शिवी दिली तर उलट देऊ नका, ढकलले तर ढकलू नका, अशा अर्थाच्या त्या सूचना होत्या. ज्यांनी वर्षभर अपमान सोसला, त्यांनीच अपमान करणाऱ्याला संकोच वाटू नये म्हणून सराव करावा! २१ डिसेंबरच्या सकाळी किंग बसमध्ये पुढे बसले आणि त्यांच्या शेजारी ग्लेन स्मायली हे गोरे धर्मोपदेशक बसले.

परंतु कायदा बदलला म्हणून मने त्याच सकाळी बदलली नाहीत. काही दिवसांतच बसवर गोळ्या झाडण्यात आल्या. एका गर्भवती स्त्रीच्या पायांत गोळ्या घुसल्या. १० जानेवारी १९५७ रोजी चार चर्चवर आणि दोन पाळकांच्या घरांवर बाँब टाकण्यात आले. पार्क्सबाईंचे काम तर बहिष्काराच्या सुरुवातीलाच गेले होते. १९५७ साली त्यांना शहर सोडून पुढे डेट्रॉइटला बिऱ्हाड करावे लागले. किंग यांची ४ एप्रिल १९६८ रोजी हत्या झाली. २००५ साली पार्क्सबाई वारल्या, तेव्हा त्यांची शवपेटी अमेरिकेच्या संसद भवनात मानाने ठेवण्यात आली. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. एका बाकापासून तेथपर्यंत पोहोचण्यास ५० वर्षे लागली.

आमच्या चर्चमध्ये पापनिवेदनाचा संस्कार आहे. त्यात आधी चुकीचा पश्चात्ताप, मग तिची तोंडाने कबुली, आणि मग झालेली हानी भरून काढण्याचे प्रायश्चित्त, असा क्रम आहे. समाजातील समेटालाही हाच क्रम लागतो, असे मला वाटते. आपण मात्र पुष्कळदा पहिल्या दोन पायऱ्या गाळून ‘झाले गेले विसरून जा’ असे दुसऱ्यालाच सांगतो. भारतातील कॅथलिक धर्माध्यक्षांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले आणि चर्चमध्येही अस्पृश्यता व भेदभाव अजून आहेत, हे मान्य केले. कबुली झाली. प्रायश्चित्त आपल्या हाती आहे.

आणि आता माझ्या घरची गोष्ट. मी लहान असताना आमच्या घरी परसातले काम करण्यास एक बाई येत असत. त्यांची कपबशी वेगळी असे. ती परसातल्या कठड्यावर पालथी ठेवलेली असे आणि आजी तिच्यात वरून चहा ओतीत असे. आजी रोज संध्याकाळी रोझरी म्हणत असे. गरिबाला तिने कधी विन्मुख पाठविले नाही. तरी ती कपबशी वेगळीच राहिली आणि आम्हा कोणालाही त्यात वावगे दिसले नाही. आजी गेली तेव्हा त्या बाई चर्चमध्ये आल्या आणि अगदी मागच्या बाकाजवळ उभ्या राहिल्या. पुढे काही महिन्यांनी आईने त्यांना आत येऊन टेबलापाशी चहा घ्यावयास सांगितले. त्या हसून म्हणाल्या, “नको बाई, मला पायरीच बरी. इतकी वर्षं तिथंच बसले.”

आई क्षणभर घोटाळली. मग घरातल्या दोन सारख्या कपबश्या घेऊन ती परसात गेली आणि पायरीवर त्यांच्या शेजारी बसली. दोघींनी चहा घेतला. कोणी काही बोलले नाही. कठड्यावरची ती जुनी कपबशी आईने त्या दिवशी आत आणली, धुतली आणि आमच्या कपबश्यांत ठेवून दिली. त्यानंतर ती कोणती, हे ओळखणे आम्हाला कठीण झाले.